टीओडी मीटर: दुसरं दुकान नसेल तर 'मर्जी' कसली?

महालकर
मागच्या आठवड्यात भरदुपारी कंत्राटदाराची दोन पोरं आली. घरी फक्त आई. "सरकारचा आदेश आहे काकू" म्हणाली, जुनं मीटर उतरवलं, नवं चढवलं आणि गेली. शेवटचं रीडिंगही लिहून दिलं नाही. आईनंच ते कॅलेंडरच्या पाठीमागं टिपून ठेवलं.

जून 2024 मध्ये फडणवीसांनी, तेव्हा ऊर्जा खातं त्यांच्याकडेच होतं, सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. मग टीओडी मीटर आलं, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारं. प्रीपेडचं पोस्टपेड झालं, स्मार्ट मात्र राहिलंच. वापराची नोंद दर पंधरा-तीस मिनिटांनी, लाइन कापायची सोयही दूर बसून. बसवणं, सांभाळणं, डेटा गोळा करणं, सगळं खासगी कंपन्यांच्या कंत्राटात. घरात माणूस कधी असतो, कूलर कधी बंद होतो, हे माझ्या शेजाऱ्याला माहीत नाही, पण सर्व्हरला माहीत.

कोराडीकर
काऊन भाऊ, इतकं घाबरता? 2011 ते 2019 नागपुरातलं महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स एसएनडीएल या खासगी वीजवितरण कंपनीकडे होतं. तेव्हा मीटर साधेच होते, तरी बिलावरून बोंबाबोंब होतीच ना? मग दोष मीटरचा कसा? आकडे टाकून वीज घेणाऱ्याचे पैसे तुमच्या-माझ्या बिलातून जातात. चोरी कुठं होते ते शोधायचं तर दर डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) आणि घरोघरी मोजमाप हवंच. केंद्राची 2021 ची आरडीएसएस ही वीजवितरण सुधारणेची योजना त्याचसाठी आहे. आमच्या कोराडीत वीज केंद्राची राख घरात येते, निदान ती वीज फुकट जाऊ नये एवढंच म्हणणं.

बेसावाली
मी घरूनच काम करते. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसभर चालतो. जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत मिळायला लागली, ती याच मीटरमुळे. जुन्या मीटरला दुपारचं युनिट कोणतं आणि रात्रीचं कोणतं हे कळायचंच नाही. आणि प्रायव्हसीचं म्हणाल तर सीताबर्डीत हजाराची साडी घेतानाही आपण मोबाईल नंबर सांगतोच.

महालकर
ताई, साडीच्या दुकानात "नाही सांगत" म्हणता येतं. नाही आवडलं तर समोरचं दुकान आहे. विजेला दुसरं दुकान कुठंय? कंपनी बदलता येत नाही, मीटर नाकारता येत नाही, आणि 46 डिग्रीत वीज सोडून राहताही येत नाही. सवलत द्या की, कोण नको म्हणतं? पण ज्याला ती नको त्याला जुनं मीटर ठेवू द्या.

कोर्टाची_पायरी
दोघांनाही थोडं सुनावतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं. पण त्यानं मीटर आपोआप बेकायदा ठरत नाही. कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि गरजेपुरतीच दखल, एवढं सरकारला दाखवावं लागतं. खरी अडचण वेगळी. डेटा संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना वरून अठरा महिन्यांची मुदत. मीटर मात्र आजच भिंतीवर. नेदरलँड्समध्ये 2009 मध्ये वरिष्ठ सभागृहानं स्मार्ट मीटरची सक्ती मान्य केली नाही. नंतर तिथं नकार द्यायची मुभा ठेवून कायदा झाला. म्हणजे हे करता येतं, फक्त सरकारवर तेवढा दाब लागतो.

कोराडीकर
नेदरलँड्सात आकडे टाकतात का? आपल्याकडं मुभा दिली की पहिले चोरच म्हणतील, "आम्हाला जुनंच ठेवा!"

महालकर
हा मुद्दा खरा आहे, त्याचं उत्तर मला देता येत नाही. पण चोरी डीपीच्या मीटरवरही पकडता येते. त्यासाठी आई दुपारी किती वाजता झोपते हे कशाला पाहिजे?

बेसावाली
बिल जास्त आलं तर काय करायचं, हे कुणी सांगेल का? वाद नंतर घाला.

कोर्टाची_पायरी
तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 2024 च्या ग्राहक हक्क नियमदुरुस्तीनुसार रीडिंगबद्दल तक्रार असेल तर पाच दिवसांत जोडीला दुसरं मीटर लावावं लागतं, किमान तीन महिने दोन्हीचा ताळा बघतात. महालकर, आईनं टिपलेल्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.