रो-हाउस की अपार्टमेंट: घरफोडीच्या दृष्टीने काय बघायचं?

तापीकाठ
जळगावच्या हद्दीवरच्या एन.ए. (बिनशेती) ले-आउटमध्ये एकाच बजेटमध्ये रो-हाउस किंवा चार मजली अपार्टमेंटमधला फ्लॅट मिळतोय. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईत घर बंद राहणार. कोणतं बरं? मागे आवास योजनेच्या इमारती येणार म्हणून काही जण घाबरवतात, त्यात तथ्य आहे का?

गवंडीदादा
रो-हाउस घेणार असाल तर आधी गच्ची बघा भाऊ. मधला कठडा तीन फुटांचा, त्यामुळे टोकाच्या अर्धवट बांधकामावरून चढलेल्याला अख्खी ओळ मोकळी. पुढच्या दाराला जाड ग्रील आणि जिन्याच्या वरच्या दाराला पत्रा नि साधी कडी, हे सगळीकडे दिसतं. ते दार पुढच्याइतकंच मजबूत हवं.

दुसरी जागा कूलरची. खिडकीत कूलर बसावा म्हणून गज कापतात. कूलर सरकवला की माणूस आत. गज ठेवून कूलर बाहेरच्या स्टँडवर घ्या, हवा तरीही येते.

कोयंडा छोट्या स्क्रूवर असेल तर टॉमीने (लोखंडी पहारीने) उपटतो. आरपार बोल्ट टाकून नट आतून आवळा. बाहेर लोंबणारं कुलूप घर बंद असल्याचं सांगतं, म्हणून दारात बसणारं मॉर्टिस लॉक बरं. चौकटीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) हवेत, नाहीतर कुलूप शाबूत आणि चौकट हातात.

नकाशावाला
फ्लॅटमध्ये एका जिन्यावर किती कुटुंबं, ते मोजा. सहा-आठ असली तर परका लगेच कळतो. चाळीस असली तर कोणी कोणाला हटकत नाही. ऑस्कर न्यूमन या वास्तुरचनाकाराने 1970च्या दशकात अमेरिकेतल्या सरकारी वसाहतींबद्दल हेच मांडलं. सेंट लुइसची प्रुइट-आयगो ही 11 मजली 33 इमारतींची वसाहत 1972 पासून पाडायला घेतली. समोरच तशाच गरीब लोकांची बैठी वसाहत मात्र टिकली, असा त्याचा दाखला. पण सगळं खापर इमारतीच्या नकाशावर फोडणं मला पटत नाही: तिथे देखभाल भाड्याच्या पैशांतून व्हायची, घरं रिकामी पडत गेली तशी देखभालही बंद पडली.

म्हणून घरकुलांना घाबरू नका. चावी दिल्यावर जिन्याचा दिवा, पंप आणि सफाईचा खर्च कोण करणार, एवढं विचारा. वाटप रखडून कुलूपबंद पडलेल्या इमारतींचा त्रास राहत्या कुटुंबांपेक्षा जास्त.

गिरणा_खोरे
कंपाउंडची भिंत उंच बांधायचा मोह टाळा. नियमाने पुढची भिंत 1.5 मीटर; 2.4 पर्यंत न्यायची तर वरचे 0.9 मीटर जाळीदार. ते बरंच आहे, भरीव भिंतीआड चोराला निवांत काम करता येतं.

ले-आउटच्या नकाशात 10 टक्के खुली जागा कुठे टाकलीय तेही बघा. नाल्याकडेच्या कोपऱ्यात, सगळ्या घरांच्या पाठी तिकडे, असं असेल तर तिथे बाभळी वाढतात आणि दिवे कोणी लावत नाही. त्या कडेचा प्लॉट स्वस्त मिळाला तरी सोडा.

तापीकाठ
नकाशा काढला. खुली जागा मधोमध आहे, पण रो-हाउसची टोकाची दोन घरं अजून प्लिंथवरच (जोत्यापर्यंतच) आहेत.

गवंडीदादा
मग मधलं घ्या, आणि तुमच्या गच्चीच्या दोन्ही कठड्यांवर ग्रील लावून देणं करारात लिहून घ्या.