एमिया कुठे आणि युरिया कुठे?

घोडबंदर रोडच्या लॅबमधून सासऱ्यांचे रिपोर्ट आणले, डॉक्टरांनी कागदावर हिमॅचुरिया लिहिलंय आणि खाली युरेमिया नाही असं. दोन्हीत रक्त, दोन्हीत लघवी, मग फरक काय? आणि हा युरिया म्हणजे खतातला का?

—

शब्दाचं शेपूट बघायचं. एमिया असेल तर भानगड रक्तात, युरिया असेल तर लघवीत. मूळ ग्रीक, हैमा म्हणजे रक्त आणि ऊरोन म्हणजे लघवी. हिमॅचुरिया म्हणजे लघवीतून रक्त जातंय, आणि युरेमिया बरोब्बर उलट, जे लघवीवाटे बाहेर पडायचं ते किडनी दमल्यामुळे रक्तातच साठत राहतं. खतातला युरिया मात्र पदार्थ आहे, रिपोर्टमधे ब्लड युरिया म्हणतात तो हाच, शेपटाशी गल्लत नको.

पण युरिया म्हणजे दर वेळी लघवीत काहीतरी सापडलं असंही नाही हां. पॉलियुरिया म्हणजे दिवसाला ३ लिटरच्या वर लघवी, ऑलिगुरिया म्हणजे ४०० मिलीच्या आत, आणि डिसयुरिया म्हणजे आपली उन्हाळी लागते ना, जळजळ, ते. एमियाचंही तसंच, थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या नावात थॅलासा म्हणजे समुद्र, तो आजार भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत दिसला म्हणून. आपल्याकडे सिंधी समाजात त्याचे वाहक जास्त, त्यामुळे उल्हासनगरात हा शब्द कुणाला समजवावा लागत नसेल.

—

युरियाला आपल्याकडे मेह आहे की! संस्कृत मिह् धातू, लघवी करणे. चरकाने प्रमेहाचे २० प्रकार दिलेत, उदकमेह, इक्षुमेह वगैरे, मधुमेह त्यातलाच. म्हणजे शब्दशः तो ग्लायकोसुरिया, लघवीत साखर, झाला, आणि आज निदान करतात रक्तावरून, हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली वाढलेली साखर बघून. साखर लघवीत उतरते ती साधारण रक्तात १८० च्या पुढे गेल्यावर, त्यामुळे युरिन शुगर निल आली म्हणून कुणी खुशाल जिलबी हाणत असेल तर त्याला हे सांगा. रक्ताच्या शेपटाला कोशवाल्यांनी रक्तता काढलंय, श्वेतरक्तता वगैरे, पण ल्युकेमियाला तसं म्हणणारा डॉक्टर मला तरी भेटला नाही, सगळे ब्लड कॅन्सरच म्हणतात.

—

सासऱ्यांनी आदल्या दिवशी बीट खाल्लं नव्हतं ना? त्यानेही काहींची लघवी लाल होते, त्याला चक्क बीटुरिया म्हणतात. पण मायक्रोस्कोपीत आरबीसी, म्हणजे लाल रक्तपेशी, दिसल्या असतील तर बीटावर ढकलू नका, दुखत नसलं तरी युरॉलॉजिस्टना दाखवा.