प्रति: रेट पडले म्हणून पोरं सोडतात, एवढंच नाहीये

ऑर्डरमागे मिळणारे रेट पडले म्हणून पोरं अ‍ॅपवरचं डिलिव्हरीचं काम सोडतात असं वर दोघांनी लिहिलंय, खरंय पण अर्धंच. मी दीड वर्ष केलंय हे काम, रेट पडले तेव्हा सोडलं नाही, उलट तास वाढवले. सोडलं ते एकदा आठवडाभर वहीत लिहून काढलं तेव्हा, म्हणजे लॉगिन कधी केलं, ऑर्डर तयार व्हायची वाट बघत किती वेळ उभा राहिलो, देऊन झाल्यावर रिकामा किती लांब परत आलो असं सगळं. परतीचं पेट्रोल आपलं, ताटकळलेला वेळ आपला, वर टायर, चेन, ऑइल, ब्रेक. हे वजा केल्यावर कळलं की मी जिला कमाई समजत होतो ती बरीचशी गाडीच झिजून देत होती (आणि गाडीची किंमत उतरते ती तर कोणी धरतच नाही).

आणि ते 'आपल्या वेळेचे आपण मालक' वगैरे इन्सेंटिव्हचं टार्गेट (ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या की वर जादा पैसे) लागेपर्यंतच हं. शेवटच्या दोन ऑर्डरी राहिल्या की घरी जाता येत नाही आणि नेमक्या तेव्हाच येत नाहीत, मुद्दाम की योगायोग देव जाणे. त्यात एका कस्टमरने पार्सल मिळालंच नाही म्हणून तक्रार टाकली, माझा आयडी बंद, बोलायला माणूस नाही, चॅटवर तीच ती ठरलेली उत्तरं. तीन दिवसांनी आपोआप चालू झाला, कारण आजतागायत कळलं नाही. पैशापेक्षा ते जास्त लागलं मला. महिन्याभरात गोडाऊनला लागलो, हातात पडतात जवळपास तेवढेच, पण तारखेला पडतात.