प्राणी वर्तनावर पहिला रिसर्च पेपर लिहितेय, डेटा आहे पण पेपर उभा राहत नाहीये

टिटवी_२४
नमस्कार मंडळी, प्राणीशास्त्रात मास्टर्स करतेय, शेवटचं वर्ष आहे आणि डेझर्टेशनमधून एक पेपर काढायचाय. विषय कबुतरांचा आहे, दाणे टिपताना ती मधेच मान वर करून आजूबाजूला बघतात ना, ते व्हिजिलन्स, आणि थवा लहानमोठा असला की त्यात काय फरक पडतो. व्हिडिओ भरपूर आहेत, एक्सेलमध्ये आकडेही आहेत, पण लिहायला बसलं की सगळंच घ्यावंसं वाटतं, नरांचं घुमणं, दाण्यावरून होणारी झटापट, कोण आधी उडतं, सगळं. गाईडना ड्राफ्ट दाखवला तर ते म्हणाले निरीक्षणं चांगली आहेत पण यात तुझा प्रश्न कुठाय? आता सुरुवात कुठून करू ते कळत नाहीये. दुसरी शंका म्हणजे पक्ष्यांना पायात ओळखीच्या रिंगा घातलेल्या नाहीत, त्यामुळे एकच कबुतर दोनदा मोजलं गेलं असेल तर काय करायचं? ज्यांनी असे पेपर लिहिलेत त्यांनी प्लीज सांगा.

माळढोक
गाईड बरोबर बोलतायत गं, आणि हे पहिल्या पेपरला जवळजवळ सगळ्यांना ऐकावं लागतं. आधी वर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गनचे चार प्रश्न समोर ठेव, १९६३ च्या लेखात त्याने मांडलेत: वर्तन कशामुळे घडतं, वाढीच्या काळात ते कसं तयार होतं, त्याचा जगण्याला उपयोग काय आणि ते उत्क्रांत कसं झालं. तुझा डेटा यातल्या फक्त उपयोगाच्या प्रश्नाला हात घालतो, बाकी तिन्हींबद्दल तुझ्याकडे काहीच नाही, म्हणून प्रस्तावनेत हार्मोन्स आणि पिल्लांचं शिकणं वगैरे आणायचंच नाही.

आता त्या एका प्रश्नात खोल जा. १९७३ साली पुलियम या संशोधकाने मांडलं की थव्यात डोळे जास्त असतात म्हणून एकेकाने कमी वेळा मान वर केली तरी धोका कळतोच. १९७८ मध्ये केनवर्डने शिकवलेला बाज (गोशॉक) रानकबुतरांवर सोडून पाहिलं, थवा जितका मोठा तितकी ती बाज लांब असतानाच उडाली आणि बाजाला शिकार कमी मिळाली. म्हणजे मोठ्या थव्यात मान कमी वर होते हे तू नव्याने शोधत नाहीयेस, ते माहीत आहे, आणि पेपर तिथेच थांबला तर रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारे, विचारणार की मग नवीन काय.

खरी गंमत पुढे आहे. १९८९ साली एल्गरने या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की बहुतेकांनी इतर कारणं वेगळी काढलेलीच नाहीत. जिथे दाणे जास्त तिथे थवाही मोठा जमतो, मग मान खाली राहते ती डोळे जास्त म्हणून की दाणे जास्त म्हणून? शिवाय मोठ्या थव्यात शेजारी दाणा पळवेल म्हणूनही भराभर टिपावं लागतं, तेव्हाही मान खालीच राहणार. पक्षी थव्याच्या कडेला होता की मधे, झाडाचा किंवा भिंतीचा आडोसा किती लांब होता, हे तुझ्या व्हिडिओत दिसतं का? दिसत असेल तर तुझा प्रश्न तिथेच आहे: दाण्यांचं प्रमाण आणि कड-मध्य धरूनही थव्याच्या आकाराचा परिणाम उरतो का? घुमणं, झटापट हे दुसऱ्या पेपरसाठी ठेव, इथे त्यांना जागा नाही.

खवले_मांजर
माळढोक यांनी प्रश्नाचं सांगितलं, मी मेथड्सचं, म्हणजे पेपरातल्या कामाच्या पद्धतीच्या भागाचं सांगतो कारण वर्तनाच्या पेपरात रिव्ह्यूअर सगळ्यात आधी तेच उघडतो. तुझं एथोग्राम, म्हणजे मोजलेल्या प्रत्येक वर्तनाच्या व्याख्येची यादी, दोन-तीन ओळींत उरकलेलं असेल तर ते आधी नीट लिही. "सावध" असं लिहून चालत नाही, दुसऱ्या माणसाने तुझा व्हिडिओ बघून तेच मोजलं पाहिजे. म्हणजे असं काहीतरी, "पक्षी उभा, पाय स्थिर, डोकं पाठीच्या रेषेच्या वर, चोचीत दाणा नाही, ही स्थिती किमान एक सेकंद". चोचीत दाणा नाही हे मुद्दाम घाल, कारण दाणा गिळतानाही मान वर येते आणि ते टेहळणीत मोजलं गेलं की आकडे फुगतात. चालताना डोकं पुढेमागे होतं ते पण बाहेर ठेव. आणि एक गोष्ट चर्चेत लिहायला विसरू नकोस, कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, मान खाली असतानाही त्याला बरंच दिसत असतं, म्हणून मान वर म्हणजे बघतोय आणि मान खाली म्हणजे बघत नाहीये असं सरळ समीकरण मांडता येत नाही. तू मोजलंस ते मान वर असण्याचं प्रमाण, तेवढंच लिहायचं.

मोजायची पद्धत कुठली ते नावानिशी सांग. जीन ऑल्टमनच्या १९७४ च्या लेखात फोकल ॲनिमल (एकाच प्राण्यावर लक्ष), स्कॅन (ठरावीक वेळाने सगळ्यांवर नजर फिरवणं), ॲड लिबिटम (जे दिसेल ते टिपणं) या पद्धती मांडल्यात, प्राणी वर्तनावर काम करणारा प्रत्येक जण तो वाचतो, तूही पूर्ण वाच. तुझं काम फोकल ॲनिमलचं दिसतंय, एक पक्षी निवडून ठरावीक वेळ फक्त त्यालाच बघायचं. पण तो पक्षी निवडला कसा? जो छान दिसला तो, असं झालं असेल तर जो सतत मान वर करतो तोच नजरेत भरतो आणि तिथेच पूर्वग्रह शिरतो. निवडीचा नियम लिहून काढ, जसं फ्रेमच्या डावीकडून रँडम आकड्याइतका पुढचा पक्षी.

व्हिडिओ स्कोअर करणाऱ्याला थवा किती मोठा होता हे कळू देऊ नकोस, क्रॉप करून फक्त एक पक्षी दिसेल अशा क्लिप्स बनव आणि नावं बदल. हे फार गांभीर्याने घे, कारण रोझेंथाल आणि फोड यांनी १९६३ साली विद्यार्थ्यांना एकसारखेच उंदीर दिले, काहींना सांगितलं तुमचे हुशार आहेत, काहींना सांगितलं मंद आहेत, आणि मेझमधले (भूलभुलैयातले) निकाल त्याच सांगण्याप्रमाणे वेगळे आले. आपण फसवत नसतो तरी अपेक्षा आकड्यांत उतरते. काही क्लिप्स मैत्रिणीकडून स्कोअर करून घे आणि दोघींचं जुळणं कोहेनच्या काप्पाने दे, दोघांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा तो आकडा आहे. स्कोअरिंगला बोरिस हे सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे आणि प्रत्येक वर्तनाची वेळ आपोआप नोंदवतं.

आकडेमोड
दुसऱ्या शंकेचं मी सांगते, कारण पेपर रिजेक्ट होतो तो बहुतेक यावरच. रिंगा नाहीत हा प्रश्न आहेच पण त्याहून मोठा प्रश्न तुझ्या लक्षात आला नसेल: थव्याचा आकार हा पक्ष्याचा गुण नाही, थव्याचा आहे. एकाच थव्यातल्या वीस पक्ष्यांच्या क्लिप्स काढल्यास तर थव्याच्या आकाराबद्दल तुझ्याकडे वीस स्वतंत्र आकडे झाले नाहीत, एकच झाला. हर्लबर्टने १९८४ साली याला, म्हणजे स्वतंत्र नसलेले आकडे स्वतंत्र धरण्याला, स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं. त्यामुळे एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे किती हे लिहिताना आधी थवे मोज, मग क्लिप्स. मिक्स्ड मॉडेल लाव, म्हणजे एकाच गटातले आकडे एकमेकांशी जोडलेले असतात हे धरणारं संख्याशास्त्रीय मॉडेल; थवा आणि तारीख हे गट त्यात रँडम इफेक्ट म्हणून घे, आणि थव्याचा आकार, जागा कडेची की मधली, दाण्यांचं प्रमाण, ज्यांचा परिणाम तपासायचाय, हे फिक्स्ड. थवे जर चार-पाचच असतील तर मॉडेल काहीही चालव, निष्कर्ष लंगडाच राहणार, मग अजून रेकॉर्डिंग करावं लागेल, आणि हे आत्ता कळलेलं बरं.

पक्षी ओळखण्याचं म्हणशील तर कबुतरं सगळी सारखी नसतात, व्हिडिओ थांबवून नीट बघ. कुणाच्या पंखावर दोन काळे पट्टे, कुणाचे पंख ठिपक्याठिपक्यांचे, कुणाला मधेच पांढरं पीस, कुणाचं बोट तुटलेलं. या खुणांचं रजिस्टर केलंस तर निदान एका थव्याच्या एका सेशनमध्ये तोच पक्षी दोनदा येणार नाही. वेगवेगळ्या दिवशी तो परत आला असेल का हे सांगता येत नसेल तर तसं स्पष्ट लिही, लपवलेलं सापडतं तेव्हा जास्त त्रास होतो.

टिटवी_२४
खूप खूप आभार सगळ्यांचे, एका दिवसात इतकं कळलं. कड-मध्य बहुतेक क्लिप्समध्ये दिसतंय, दाणे मीच टाकले होते आणि दरवेळी वजन करून, त्यामुळे तो भाग सावरता येईल. अजून एक विचारू का, चर्चेत मी लिहिलंय की लहान थव्यात पक्षी घाबरलेले असतात म्हणून जास्त बघतात. गाईडनी त्याखाली लाल रेघ मारलीय पण काही बोलले नाहीत. आणि ही सगळी कबुतरं माणसांना सरावलेली आहेत, ते लिहायचं का?

माळढोक
लाल रेघ बरोबर आहे. भीती तू मोजली नाहीस, मान वर असण्याचा वेळ मोजलास. प्राण्यांना भीती नसते असं कुणी म्हणत नाहीये, पण ती आहे म्हणायला वेगळा पुरावा लागतो, स्ट्रेस हार्मोन किंवा धोका किती जवळ आल्यावर पक्षी उडतो ते अंतर असं काहीतरी. तुझ्या आकड्यांवरून इतकंच म्हणता येतं की लहान थव्यात मान वर असण्याचं प्रमाण जास्त होतं आणि ते पुलियमच्या म्हणण्याशी जुळतं, पण मान वर करून पक्षी शेजाऱ्यांकडेही बघत असू शकतो ही शक्यताही उरते. ती शक्यता तूच लिहिलीस तर पेपर कमजोर होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

सरावाचं नक्की लिही, मेथड्समध्येही आणि चर्चेतही. २०२० साली वेबस्टर आणि रुट्झ यांनी स्ट्रेंज नावाची चौकट मांडली, आपण निवडलेले प्राणी कुठल्या अर्थाने इतरांपेक्षा वेगळे असू शकतात ते तपासायला, त्यात सराव हा एक मुद्दा आहेच. दाणे टाकले की जी जवळ येतात तीच कबुतरं तुझ्या क्लिपमध्ये आलीत, जी लांबच थांबली ती आलीच नाहीत, म्हणून निष्कर्ष सरसकट कबुतरांना लावू नकोस.

आकडेमोड
आणि लिहिण्याचा क्रम बदल, प्रस्तावनेपासून नको. आधी मेथड्स लिही कारण ते तुला तोंडपाठ आहे, मग आलेख काढ, आलेखात प्रत्येक थवा वेगळा दिसू दे, नुसते सरासरीचे खांब नकोत, मग निकाल, आणि प्रस्तावना शेवटी. थवे नक्की किती आहेत आणि प्रत्येकातून किती क्लिप्स, याचं छोटं टेबल करून इथे टाक, मॉडेलचं मग बघू.