ओल्ड रासपुतिन बिअर : माझ्याकडून पाचात सव्वाचार

गिनेस ही आयरिश बिअर आवडली नाही म्हणून स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, या प्रकारावरच काट मारायची, असं एकांचं म्हणणं वाचलं. जरा थांबा हो! गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची, नायट्रोजनमुळे फेस साईसारखा, पण अंगाने, म्हणजे तोंडातल्या दाटपणाने, हलकीच. तिच्यावरून इंपिरियल स्टाउट, म्हणजे स्टाउटचाच जास्त कडक आणि दाट प्रकार, कशी जोखणार?

कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला नॉर्थ कोस्ट नावाची ब्रुअरी आहे, तिची ओल्ड रासपुतिन ही इंपिरियल स्टाउट मिळाली तर घ्या. ९ टक्के अल्कोहोल, कडूपणा ७५ आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक). आकडा बघून दचकू नका, माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा तो बराचसा गिळून टाकतो. मात्र फ्रीजमधून काढून लगेच तोंडाला लावू नका. गारठलेली असताना नुसता कडूपणा कळतो, वास जागाच होत नाही. फुगीर ग्लासात ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग आधी कडक कॉफी, मागून डार्क चॉकलेट आणि अगदी शेवटी काकवी. यात कॉफी घातलेली नाही बरं का, ती सगळी भाजलेल्या धान्याची करामत.

रंग काळाकुट्ट, फेस तपकिरी, घोट जाड. वासाला आणि अंगाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. पाऊण गुण कापला तो घशात उरणाऱ्या दारूच्या चटक्यासाठी. काहींना नेमका तोच आवडतो म्हणा.

सोबत तिखट शेव-फरसाण नको, कडूपणा आणखी चढतो. खारे काजू किंवा मुरलेलं चेडर चीज घ्या, आणि एक बाटली दोघांत.