मदत हवी आहे : बसमध्ये जीव घाबरा होतो, ईसीजी मात्र नॉर्मल. जळगाव-धुळ्याकडे नीट उपचार कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. प्रश्न बायकोबद्दल आहे आणि तिला विचारूनच लिहितोय. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, दोन वाक्यं तिने काढायला लावली, ती काढली.

तिचं वय ३३. लग्नाआधी नाशिकला एकटी राहून शिकलेली. जळगावला एका पतसंस्थेत नोकरी, रोज एसटीने अप-डाउन. घरात कुणाचं काही दुखलं-खुपलं तर पळापळ करणारी तीच. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'मुळातच भित्री असेल' असं ऐकून ऐकून आम्ही दोघं थकलोय.

मागच्या मे महिन्यात बस विदगावजवळ तापीच्या पुलावर अडकली. पुढे केळीचा ट्रक बंद पडला होता. दुपारची वेळ, गाडी गच्च भरलेली. तिची छाती एकदम धडधडायला लागली, बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, घसा आवळल्यासारखा. 'आता आपण जातो' एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेजारच्या आजींनी "काय व्हयनं व माय?" म्हणत पदराने वारा घातला, पाणी पाजलं. पूल ओलांडल्यावर ती उतरली आणि चहाच्या टपरीवर बसून तिने मला फोन केला. मी मोटरसायकलने पोहोचेपर्यंत सगळं ओसरलेलं. फक्त चेहरा पांढरा पडलेला आणि अंगात त्राण नाही.

त्यानंतर तीनदा ईसीजी झाला, एकदा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर. सगळं नॉर्मल. प्रत्येक ठिकाणी सांगितलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." पण होतंय ते तर खरंच होतंय ना! एका डॉक्टरांनी अल्प्राझोलम ०.२५ लिहून दिली, 'घाबरलं की घ्या' म्हणून. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता सहा महिने झाले. अधूनमधून अर्धी घेणारी ती आज रोज दोन घेते. एकदा मेडिकलवाल्याने नवी चिठ्ठी मागितली आणि दीड दिवस गोळी मिळाली नाही, तर हात थरथरत होते, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तोवर एकेक गोष्ट सुटत गेली. आधी बस, मग आठवडी बाजार, मग लग्नातली पंगत. श्रावणात भावकीत कानबाईला (आमच्या खान्देशातला देवीचा सण) गेलो, तर ती दाराजवळ चपलांच्या ढिगाशेजारी बसून राहिली, लगेच बाहेर पडता यावं म्हणून. नोकरीवर सध्या बिनपगारी रजा आहे.

आईचं म्हणणं, "तिले नजर लागनी शे." भगताकडे नेलं, उतारा झाला. आईवर माझा राग नाही. तिला जे ठाऊक आहे ते ती करते, आणि त्या दिवशी तिने सुनेसाठी दिवसभर उपास धरला होता.

आता खरं दुखणं. रात्री तिला जाग आली की मी ऑक्सिमीटर काढतो. करोनात घेतलेला. अंधारात तिच्या बोटावर तो लाल उजेड, आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसतो. ९८ आला की ती शांत. मग दहा मिनिटांनी, "परत एकदा बघा ना." पूर्वी रात्रीतून एकदा लावायचो, आता सहा-सात वेळा. ती न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर उभा. कुठे जायचं तर मी सोबत. दुकान दुपारी बंद ठेवतो. हे सगळं मी मायेने करतोय, पण परवा ती झोपल्यावर मनात आलं, मी तिला सांभाळतोय की तिच्या भीतीला? हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

म्हणून विचारतो. हा नेमका कुठला आजार आहे आणि तो बरा होतो का? चोपड्याहून जायचं तर जळगाव की धुळे, आणि मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक यांतलं आधी कोणाकडे? गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? आणि घरच्यांनी, म्हणजे मी, काय करावं आणि काय करू नये? ज्यांनी हे स्वतः भोगलंय त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद : नंदुरबारहून एक ताई

दादा, वहिनी जागच्या उठून माझ्याच गोष्टीत येऊन बसल्यात असं वाटलं. मला हे सहा वर्षांपूर्वी झालं. निदान तर तुमच्या डॉक्टरांनीच करावं, पण मला सांगितलेलं नाव पॅनिक डिसऑर्डर, आणि पुढे त्याला जोडून अगोराफोबिया. म्हणजे जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही, मदत मिळणार नाही, अशा जागांची भीती. बस, गर्दी, पूल, रांग.

माझ्या डॉक्टरांनी हे फार छान समजावलं होतं. साप दिसला की शरीर पळायची तयारी करतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे धावतं, श्वास भरभर होतो, काळीज जोरात चालतं. पॅनिकमध्ये साप नसतानाच ही घंटा वाजते. श्वास भरभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच मुंग्या आणि चक्कर. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि आपोआप उतरते. पण आपण त्याआधीच उतरून पळतो, किंवा गोळी घेतो, किंवा आकडा बघतो. मग मन शिकतं की 'पळालो म्हणून वाचलो'. भीती पोसली जाते ती इथे.

मी धुळ्याला जायचे. गोळी एस्सिटालोप्राम, आधी ५, मग १०. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि उलट जास्तच घाबरल्यासारखं व्हायचं. ते आधी सांगितलं होतं म्हणून सोडली नाही. फरक चौथ्या आठवड्यात जाणवला. बरं वाटायला लागल्यावरही डॉक्टरांनी वर्षभर चालू ठेवली, मग हळूहळू कमी करत बंद. आज एकही गोळी नाही.

सोबत मानसशास्त्रज्ञांकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याची सवय बदलायची, गोळीशिवायची उपचारपद्धत. तिथे त्यांनी मला खुर्चीवर बसवून गोल फिरवलं, जागच्या जागी पळायला लावलं. मुद्दाम धडधड आणायची आणि ती निघून जाते हे बघायचं. नंतर भीतीचा जिना केला. पहिल्या आठवड्यात रोज नुसतं स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं, गाडी आली तरी चढायचं नाही. मग उभ्या गाडीत चढून उतरायचं. मग दोंडाईचापर्यंत नवऱ्यासोबत. मग तो पुढच्या डब्यात, मी मागच्या. मग एकटी. दोंडाईचाला पहिल्यांदा एकटी उतरले तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभी राहून रडले, आणि एका अनोळखी बाईने मला अर्धी भाकरी दिली. तिला वाटलं मी भुकेली आहे.

ऑक्सिमीटर लगेच हिसकावून घेऊ नका बरं. थेरपिस्टसोबत बसून ठरवा, तिच्या संमतीने. सहावरून चार, चारवरून दोन.

प्रतिसाद : भुसावळहून, परिचारिका

भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट. अल्प्राझोलम एकदम बंद करू नका. रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर थरथर, निद्रानाश आणि काही जणांना झटकेसुद्धा येतात. दीड दिवसात जे दिसलं ते तेच होतं. त्यात वहिनींचा काही दोष नाही, ही गोळी सवय लावते. मानसोपचारतज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि तिच्या जागी रोजची, सवय न लावणारी गोळी बसवतात. चालू गोळीचं रिकामं पाकीट सोबत न्या, नाव-डोस त्यावरून कळतो. आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्टही न्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा होणार नाहीत. गरोदर असतील किंवा मूल हवं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

आधी मानसोपचारतज्ज्ञ, कारण गोळ्यांचा गुंता आहे. ते एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र आज कुणीही लावतो, तिथे शिक्षण विचारून घ्या.

चोपड्याहून जळगाव जवळ. सिव्हिलमध्येच आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनोविकार विभागाची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा, कुणाची ओळख लागत नाही. धुळ्याला चक्करबर्डीला हिरे मेडिकल कॉलेज. मोठी गर्दी असते, वेळ काढून जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले लोक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही ठराविक दिवशी येतात, चोपड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात त्यांचा वार विचारा. पुलाची भीती असताना पहिली भेट पुलाच्या अलीकडे झाली तर बरंच.

आणि तोवर टेलिमानस, १४४१६. सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री ऑक्सिमीटर काढण्याऐवजी एकदा हा नंबर लावून बघा. मनात जीव द्यायचे विचार आले तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, तडक इमर्जन्सीत न्या.

गावात कळेल ही धास्ती असेल तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, घरात पॉलिसी असेल तर कागद काढून वाचा.

'मुळात भित्री' म्हणणाऱ्यांना सांगा, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंतेचा कुठला ना कुठला विकार होता, आणि उपचार मिळतात ते चारातल्या जेमतेम एकाला. वॉर्डात मी धिप्पाड, कुस्ती खेळलेले गडीही असे थरथरताना पाहिलेत.

प्रतिसाद : शिरपूर

मला हेच होतं. दोन वर्षं कुणाला बोललो नाही. शेतात एकटा जात नाही, सोबत पोरगा लागतो, घरच्यांना वाटतं पोराला शेती शिकवतोय. १४४१६ आत्ता लावला. बोललो वीस मिनिटं. धन्यवाद भाऊ, तुम्ही धागा काढला म्हणून.

धागाकर्ता : सात आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय.

आधी चोपड्यातच दाखवलं, मग जळगावला. पुलावरून जाताना मी गाडी चालवत होतो आणि तिने माझा शर्ट मुठीत इतका घट्ट धरला होता की शिवण उसवली. डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतलं. आजार कोणता ते नाव घेऊन सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे मला वेड नाही लागलेलं?" त्यांनी मान हलवून 'नाही' म्हटलं आणि लिहिणं थांबवून तिच्याकडे बघत राहिले. नाव मिळालं याचंच तिला हलकं वाटलं. जुनी गोळी दर दोन आठवड्यांनी थोडी कमी होतेय, नवी सुरू आहे. तिसरा आठवडा फार वाईट गेला, खोटं सांगत नाही. ताई, तुम्ही मळमळीचं लिहिलं नसतं तर आम्ही सोडून दिली असती.

मला वेगळं बसवून त्यांनी सांगितलं की 'घाबरू नको, काही होणार नाही' हे दिवसातून पन्नासदा म्हणणं बंद करा. त्याऐवजी, 'लाट आलीये, मी इथे आहे, उतरू दे' एवढंच म्हणा आणि गप्प राहा. गप्प राहणं मला सगळ्यात जड जातंय. ऑक्सिमीटर रात्रीतून एकदा वर आलाय. ठेवायची जागा तिनेच ठरवली, माजघरातल्या फडताळात, वरच्या फळीवर, म्हणजे उठून जावं लागतं.

आईला भगताबद्दल काही बोललो नाही. डॉक्टरांनीच विचारलं, "देवाचं करता ना? करा. गोळीही वेळेवर द्या." तेव्हापासून रात्री नऊची गोळी आई स्वतः काढून देते, पाण्याच्या तांब्यासकट.

गेल्या आठवड्यात ती चोपड्याच्या स्टँडवर रोज अर्धा तास बसली. जळगाव गाडी लागायची, सुटायची, ती बाकावर. काल कंडक्टरने ओळखलं, "ताई, बऱ्याच दिवसांनी?" आज सकाळी तिने मला सांगितलं, "तुम्ही दुकान उघडा." आणि अडावदपर्यंत जाऊन आली. परतीच्या गाडीत चांगलीच लाट आली म्हणे, पण ती मधेच गाडीतून उतरली नाही.

आता एक नवीन प्रश्न. रजा पुढच्या महिन्यात संपतेय. कामाच्या ठिकाणी कुणी हे मोकळेपणी सांगितलंय का? सांगितलं असेल तर साहेबांना कुठल्या शब्दांत सांगितलं? तिला खोटं कारण द्यायचं नाहीये.