आमच्या गावातल्या जुन्या मिशन शाळेमागची माणसं कोण? नावं कुठं सापडतील?

गल्हाटीकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. गावाच्या पूर्वेला, जुन्या वस्तीच्या टोकाला एका खोलीच्या शाळेचा चौथरा अजून शिल्लक आहे. माळवद केव्हाच बसलं, भिंतींची पांढरी माती लोकांनी शेतात नेऊन टाकली. सगळे त्या जागेला 'पाद्र्याची शाळा' म्हणतात. माझे आजोबा तिथंच अक्षर शिकले. निजामाच्या राज्यात आमच्या गावात दुसरी शाळाच नव्हती. पुढं १९७२ च्या दुष्काळात आजोबा पाझर तलावाच्या कामावर मुकादम झाले, दोनशे माणसांचं हजेरीपत्रक स्वतःच्या हातानं लिहायचे, आणि जाईपर्यंत पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, न अडखळता म्हणायचे.

आता ग्रामपंचायत त्या जागेवर वाचनालय बांधणार आहे. शाळेची आठवण म्हणून एक फलक लावा असं मी म्हणालो, ते मान्य झालं. पण फलकावर लिहायचं काय? 'मिशननं चालवली' यापलीकडं कुणालाच काही ठाऊक नाही. कुणी म्हणतं गोरा साहेब होता, कुणी म्हणतं आपलाच माणूस होता. ग्रामसभेत एकजण उठून म्हणाला, धर्म बदलायला आलेल्यांची नावं कशाला पाहिजेत? मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

ही शाळा चालवणारी माणसं नेमकी कोण होती, आणि कागद कुठं बघू?

---

जुने_कागद

अंबड-जालना पट्टा म्हणजे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं क्षेत्र. पण तुमच्या भागातलं सगळ्यात मोठं नाव गोऱ्या साहेबाचं नाही, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचं आहे. जन्मानं ब्राह्मण, मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले, १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण त्याच साली कोर्टात गेलं होतं. त्याला परत जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, त्यावरून मुंबई-पुण्यात केवढा गदारोळ झाला. नारायण शेषाद्री पुढं जालन्याला आले. सालारजंग हैद्राबादचे दिवाण असताना निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या कुटुंबांसाठी तिथं घरं, शेती, शाळा होती. १८७३ ला ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला जाऊन आले. १८९१ साली वारले. औरंगाबादला दुसरं मिशन होतं, इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं. तिथं रेव्हरंड रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी गृहस्थ कित्येक वर्षं राबले.

कागदांचं म्हणाल तर आधी तलाठ्याकडं जा. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रक असतं, त्यात त्या गटावर कब्जेदार म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा. मिशनचं किंवा विश्वस्त मंडळाचं नाव निघालं तर ते घेऊन धर्मादाय कार्यालयात जा, तिथल्या नोंदवहीत विश्वस्तांची नावं मिळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर मागा. 'पूर्वीची शाळा' या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. आणि जालन्यातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांना भेटून बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही दाखवा म्हणा. त्यात गावाचं नाव असतंच, बऱ्याचदा मास्तरचंही.

---

निवृत्त_बाई

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि रात्री झोप आली नाही. माझे वडील मिशनचे मास्तर होते. गाव तुमचं नव्हे, पण लांबही नाही. तेव्हा अंबड तालुक्यातच होतं, आता घनसावंगीत मोडतं. १९४१ ते १९६३ अशी बावीस वर्षं ते एकाच खोलीत शिकवत राहिले. माझा जन्म १९४९ चा, त्या खोलीला लागून असलेल्या छपरातला.

वर कागदपत्रांची माहिती चांगली दिली आहे. शेषाद्रींबद्दल आमच्या घरी फार आदरानं बोललं जायचं. पण शाळा चालवली कुणी, असं विचाराल तर ती मास्तर आणि त्याची बायको या दोघांनी चालवली. जालन्याहून साहेब वर्षातून दोनदा यायचे. आदल्या दिवशी आम्ही खोली सारवायचो, लेकरांना डोक्याला तेल लावून यायला सांगायचो. साहेब पाढे म्हणून घ्यायचे, रजिस्टरवर सही करायचे आणि छकड्यात बसून पुढच्या गावी जायचे. ते वाईट नव्हते. एकांनी माझ्या वडिलांना स्वतःचा कोट दिला होता, तो आईनं उसवून आम्हा तिघा भावंडांना बंड्या शिवल्या. पण ते दोन दिवस सोडले तर बाकीचं वर्ष मास्तरचं होतं.

वर्ष कसं होतं ते सांगते. खोलीत पाट्या अकरा आणि लेकरं तीस-बत्तीस. उरलेले धुळीत बोटानं गिरवायचे. सकाळी लहान्यांची बाराखडी, दुपारी मोठ्यांची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी. सुगीत शाळा रिकामी पडायची, मग वडील रात्री कंदील घेऊन वस्तीवर जायचे आणि गुरं बांधून झालेल्या पोरांना ओट्यावर बसवायचे. त्यात मोठे बाप्येही येऊन बसत. सावकाराच्या वहीत आपल्या नावापुढं काय लिहिलंय ते वाचता यावं, एवढ्यासाठी. माझ्या आठवणीतला एक पस्तिशीचा माणूस तीन महिने आला आणि फक्त आकडे शिकून गेला. अक्षरं नको म्हणाला, आकडे पुरेत.

पगार महिन्याच्या महिन्याला कधी आला नाही. दोन-तीन महिने थांबायचा, मग एकदम यायचा, तोवर दुकानात उधारी. रझाकारांच्या दिवसांत तर शाळा बंदच होती. जालन्याशी जाणं-येणं तुटलं होतं आणि घरी काही येत नव्हतं. तेव्हा गावातल्याच लोकांनी पायलीभर ज्वारी आळीपाळीनं आणून दिली. हे आई नेहमी सांगायची.

आता आईबद्दल. मिशन नेमणूक करायचं ती मास्तरची. पण मास्तर लग्न झालेला पाहिजे आणि बायको शिकलेली पाहिजे अशी अपेक्षा असायची. म्हणजे एका पगारात माणसं दोन. आई जालन्याच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेली. लेकरं शाळेत आली की आधी तिच्या हातून जायची. खरूज असेल त्याला गंधकाचं मलम, डोळे आलेल्याला कोमट पाण्यानं धुणं, पोरींच्या डोक्यातल्या उवा. गावाच्या विहिरीवर वस्तीच्या लेकरांनी पाणी ओढायची सोय नव्हती. आई पहाटे नदीत झिरा उपसून दोन घागरी भरून आणायची आणि शाळेच्या दाराशी ठेवायची. त्या घागरींतून सगळे प्यायचे. पोरींना शाळेत आणलं तेही तिनंच. 'शिवण शिकवते' असं सांगून घराघरातून हाताला धरून आणलं, आणि सुईदोऱ्याच्या आधी पाटी पुढं केली. अडलेल्या बाळंतपणाला रात्री-बेरात्री उठून गेली. यातल्या एका कामाचाही पैसा तिला मिळाला नाही, आणि कुठल्या अहवालात तिचं नाव नाही.

शेजारच्या नगरला फरारबाई होत्या. सिंथिया फरार, अमेरिकेतून १८२७ ला मुंबईला आल्या, १८३९ ला नगरला, आणि १८६२ ला तिथंच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा बघून जोतीरावांनी पुण्याला १८४८ साली शाळा काढली, हे आम्ही डीएडला शिकलो. त्यांचं नाव राहिलं ते योग्यच झालं. माझ्या आईसारख्या बायका गावोगाव होत्या, त्यांचंही राहायला हवं होतं.

ग्रामसभेतल्या त्या प्रश्नाचं उत्तर देते. काही लपवू नका. वडील शाळा प्रार्थनेनं सुरू करायचे. त्यांची येशूवर मनापासून श्रद्धा होती आणि ती इतरांचीही व्हावी असं त्यांना वाटायचं. आमच्या गावात चार घरं ख्रिस्ती झाली, त्यापेक्षा जास्त नाही. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली, त्यानंतर वस्तीतली बहुतेक घरं बौद्ध झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरांतली लेकरं आमच्या शाळेत येऊन बसली. वडिलांनी नेहमीप्रमाणं हजेरी घेतली. एकालाही काही विचारलं नाही. आणि लोभाचं म्हणाल तर हेही सांगा, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीची सवलत मिळत नाही. माझ्या वर्गमैत्रिणींना शिष्यवृत्ती होती, मला नव्हती. वडिलांनी शिकवलेली मुलं नोकरीला लागली आणि माझा भाऊ खडी फोडायला गेला. मी ते तेव्हा वडिलांना बोलून दाखवलं होतं. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ कंदिलाची काच पुसत बसले.

१९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या, वर्षभरात आमच्या गावात सरकारी शाळा आली. वडिलांनी स्वतः सगळी लेकरं रांगेनं नेऊन तिथं बसवली आणि रजिस्टर नव्या गुरुजींच्या हाती दिलं. म्हणून तेवढं दाखल-खारीज रजिस्टर जरूर शोधा. पहिल्या पानांवर मोठ्या गोलसर अक्षरातल्या नोंदी असतील तर त्या नव्या गुरुजींच्या नसण्याची शक्यता आहे.

---

कोयत्याची_लेक

बाईंचं वाचून लिहायला बसले. मी पाटोदा तालुक्यातली. माय-बाप दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याला जायचे ते पार उन्हाळ्यातच परत यायचे. उचल घेतलेली असायची, मागं राहायचा प्रश्नच नव्हता. मी तिसरीपर्यंत फडावरच पाचटात खेळले. चौथीला एका मिशनच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शिकले, आज आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो जेवणाच्या हॉलमध्ये होता, ते मला कधी भेटले नाहीत. मला आठवतात त्या वॉर्डनबाई आणि स्वयंपाकाच्या मावशी. घरची आठवण येऊन जेवले नाही की मावशी भाकरीत गूळ घालून उशाशी ठेवायच्या. जानेवारीत बापाला फडावर साप चावला, तेव्हा वॉर्डनबाई मला घेऊन रात्रीच्या एसटीनं कोल्हापूरकडं निघाल्या. तिकीट स्वतःच्या पैशातून काढलं होतं, ते मला फार वर्षांनी कळलं. गल्हाटीकाठ दादा, तुमच्या शाळेत कुणी भाकरी करणारी, झाडणारी बाई असेल तर तिचंही विचारा म्हाताऱ्यांना.

---

गल्हाटीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटाखालून रजिस्टर काढून दिलं, वाळवीनं कडा खाल्ल्यात. पहिली सात पानं वेगळ्याच हाताची आहेत, गोलसर, ठसठशीत. माझ्या आजोबांचं नाव तिसऱ्या पानावर आहे. 'शेरा' या रकान्यात लिहिलंय : हिशेबात हुशार. मास्तरांची सही आहे, पण फक्त आद्याक्षरं. गावातल्या नव्वदीच्या एका आजीला विचारलं, तर तिला मास्तरांचं नाव आठवेना. मास्तरीणबाईंनी बोट धरून शाळेत नेलेलं मात्र आठवतं. तिचं नाव काय, तर म्हणाली, आम्ही 'बाय' म्हणायचो. बाई, तुम्हाला यावरून काही उलगडतंय का?

---

निवृत्त_बाई

उलगडतंय. ती आद्याक्षरं सांगा. वडिलांच्या बरोबरीचे मास्तर दर महिन्याला जालन्याच्या बैठकीत भेटायचे, बैलगाडीत एकत्र यायचे, त्यातले पुष्कळ मला नावानिशी ठाऊक आहेत. त्यांच्या घरच्यांपैकी कुणी जालन्यात, कुणी बेथेलला अजून राहतं. येत्या रविवारी उपासनेनंतर मी स्वतः विचारते. तोवर फलकाचा मजकूर पक्का करू नका. आणि त्या बाईंचं नाव मिळालं की मास्तरांच्या नावाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात लिहायला सांगा. 'मास्तरांच्या पत्नी' असं नको, नावच लिहा.